लातूरच्या ट्यूशन एरियात आम्ही पोरांनी भरवलेला मनाचा मेळा: काय जमलं, काय चुकलं

पाऊलवाट | १४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:२०

नमस्कार. तीन वर्षं इथे नुसतीच वाचक होते. पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तो लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी २२ वर्षांची. गाव अहमदपूर तालुक्यात. बारावीनंतर लातूरला रूम करून दोनदा नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दिली, दोन्ही वेळा सरकारी कॉलेजपुरते गुण पडले नाहीत. आता बी.एस्सी. करते आणि संध्याकाळी एका अभ्यासिकेत टेबलांच्या नोंदी ठेवते. ज्यांनी लातूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उद्योग भवनाच्या आसपासच्या भागाला इथे सगळे ट्यूशन एरियाच म्हणतात. क्लास, मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या आणि १६ ते २० वर्षांची हजारो मुलं. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, कुठून कुठून आलेली. आठवडाभर क्लास, मग टेस्ट, आणि टेस्टचा रँक संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तो आला की मेसमध्ये कोण जेवायला येतं आणि कोण येत नाही, हे मेसवाल्या मावशींना न विचारता कळतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्याच मजल्यावरची एक मुलगी ११ दिवस मेसला आली नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं गावी गेली असेल. ती रूममध्येच होती. दार आतून लावून पडून राहायची, बिस्किटं खायची. मावशींनी चपात्यांचा हिशोब करताना विचारलं म्हणून आम्ही दार वाजवलं. ती आता घरी आहे, औषधं चालू आहेत, बरी आहे, आणि तिला विचारूनच मी हे लिहितेय. पण ते ११ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. भिंतीला भिंत लागून होती आमची.

त्यानंतर मेसच्या गच्चीवर आम्ही काही जण रविवारी रात्री बसायला लागलो. सहाचे सतरा झालो. सगळ्यात लहान १७ वर्षांचा, सगळ्यात मोठा २४. एप्रिलमध्ये ठरवलं की १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्याला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी आपण काहीतरी मोठं करायचं. एक अट आधीच घातली: मोठ्यांचा सल्ला घ्यायचा, निर्णय मात्र आपला. आणि सत्कार नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, दीपप्रज्वलनासाठी पाहुण्यांची तासभर वाट पाहणं नाही.

पहिला फ्लेक्स आम्ही 'मानसिक आरोग्य महोत्सव' असा केला होता. तो बघून मावशी म्हणाल्या, "बाई, हे वाचून एक पोरगं यायचं नाही. आलं तरी मागच्या दाराने येईल." बरोबर होतं त्यांचं. मग नवा फ्लेक्स लिहिला: 'दोन दिवस पुस्तक मिटा. गप्पा मारायला या.' खाली लहान अक्षरात बाकीचं.

सप्टेंबरच्या शेवटी अतिवृष्टी झाली तेव्हा सगळं रद्द करायची वेळ आली होती. आमच्यातल्या आठ जणांच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलं. एकाच्या गोठ्यात कमरेएवढं पाणी. असल्या दिवसांत मेळा कसला भरवायचा, असं मीच म्हणाले होते. तेव्हा आमच्यातला सगळ्यात लहान म्हणाला, "ताई, बाबांनी फोनवर सांगितलं पीक गेलं, पण तू टेन्शन घेऊ नको. फोन ठेवल्यापासून मला दुसरं काही सुचतच नाही. हे मी कुणाला सांगू?" मेळा घ्यायचा हे तिथेच ठरलं.

एका मंगल कार्यालयाने हॉल निम्म्या भाड्यात दिला. एकूण ४१ हजार खर्च आला. त्यातले नऊ हजार आमच्या खिशातले, बाकी मेसवाले, झेरॉक्सवाले आणि जुने विद्यार्थी यांच्याकडून. क्लासवाल्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत हेही ठरलेलं होतं. त्यावर खूप वाद झाला, तरी मी त्या बाजूनेच होते.

काय काय केलं ते सांगते. एक पथनाट्य होतं, एक गाण्यांची मैफल होती, मातीकाम होतं. कबड्डीही ठेवली होती, ती सगळ्यात आधी भरली. पण मला मनापासून सांगायचंय ते तीन गोष्टींबद्दल.

पहिली, माणसं वाचायची. ही कल्पना आमची नाही. २००० साली डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात तिथल्या तरुणांनी माणसांचं ग्रंथालय भरवलं होतं. पुस्तकाऐवजी माणूस घ्यायचा, समोर बसून त्याला प्रश्न विचारायचे. आम्ही नऊ माणसं बसवली. तीनदा नापास होऊन आता दुचाकीचं गॅरेज चालवणारा एक दादा. नैराश्यामुळे शिक्षणात वर्षभर खंड पडलेल्या एक डॉक्टर ताई. मुलाला स्किझोफ्रेनिया असलेले एक शेतकरी काका. रात्रपाळी करणाऱ्या एक पोलीस ताई. एकेका माणसापुढे तीन वाचक, २० मिनिटं. फोन बाहेर ठेवायचा, आणि नको असलेल्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क त्या माणसाला. शेतकरी काकांसमोर पहिला तास कुणी बसेना. मग एक मुलगी बसली आणि तिने विचारलं, "काका, तुमचा मुलगा जेवतो का नीट?" काका बराच वेळ बोललेच नाहीत. नंतर म्हणाले की दहा वर्षांत माझ्या पोराबद्दल हे विचारणारी तू पहिली. संध्याकाळपर्यंत त्यांच्यापुढे रांग होती.

दुसरी, आयांची पंगत. ट्यूशन एरियात कितीतरी आया मुलांसोबत रूम करून राहतात. गाव, नवरा, सासू, दुसरं लेकरू मागे ठेवून. सकाळी सहाचा डबा, दुपारचा डबा, रात्री मूल अभ्यासाला बसलं की टीव्ही नाही, मोठ्याने बोलायचं नाही. रविवारी आम्ही फक्त सतरंज्या टाकल्या आणि म्हटलं, डबा घेऊन या, एकत्र जेवू. वीसेक येतील वाटलं होतं, साठच्या वर आल्या. एकीने सांगितलं, "दीड वर्ष झालं, या गल्लीत मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही. मी 'अमक्याची मम्मी'." त्यावर शेजारची म्हणाली, "मग नाव सांगा की." आणि मग प्रत्येकीने आपापलं नाव सांगितलं, काहींनी माहेरचं. आम्ही मुलांच्या मनाचा मेळा भरवत होतो. त्या मुलाचा डबा भरणाऱ्या बाईच्या मनाचा विचार आमच्या यादीत नव्हताच, तो त्या पंगतीत आपोआप आला.

तिसरी गोष्ट म्हणजे चूक, आणि तिच्यासाठीच मी धागा काढलाय. 'घरी न पाठवलेलं पत्र' अशी एक पेटी ठेवली होती. नाव लिहायचं नाही, मनातलं लिहून टाकायचं. २१२ पत्रं आली. शनिवारी दुपारी आम्ही दोघी ती उघडून वाचत होतो, भिंतीवर कोणती लावता येतील ते बघायला. त्यात एक पत्र निघालं, निळ्या शाईचं, वहीच्या पानावर. त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की ते वाचून आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं आणि लिहिणारं पोरगं जिवावर उदार झालंय हे दोघींना कळलं. नाव नाही, नंबर नाही. हॉलमध्ये तेव्हा चारशे तरी मुलं होती.

आमच्या सोबत जिल्ह्यातल्या एक समुपदेशक ताई दोन्ही दिवस होत्या. त्यांनी गाणी थांबवली, माइक घेतला आणि अगदी शांतपणे सांगितलं: "निळ्या शाईत पत्र लिहिणाऱ्या मित्रा किंवा मैत्रिणी, तुझं पत्र आम्ही वाचलं. तू लिहिलंस हे फार बरं केलंस. मी मागे पाण्याच्या टाकीजवळ बसलेय. रात्री दहापर्यंत बसणार आहे. तुला उठून यायचं नसेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात." हाच निरोप दर तासाने दिला.

रात्री दहापर्यंत तीन जण आले. तिघांनाही आधाराची गरज होती, तिघांनाही ती मिळाली. पण तिघांपैकी कुणीच ते पत्र आपलं असल्याचं सांगितलं नाही.

आम्हाला अजून माहीत नाही ते कुणाचं. रोज रात्री झोपताना आठवतं. पुढच्या वर्षी पेटी ठेवायची का? इथे जाणकार आहेत, कृपया स्पष्ट बोला.

---

निलंग्याची_लेक | १४ ऑक्टोबर, ११:०५

ताई, वाचताना घशात आवंढा आला. मीही २०१६ ला तिथेच होते, पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी. आमच्या वेळी असं कुणी टाकीजवळ बसलेलं नव्हतं. आयांच्या पंगतीबद्दल अजून लिहा.

---

डॉ_मृद्गंध | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच काम करतो. तुम्ही स्पष्ट बोला म्हणालात म्हणून सरळ लिहितो.

पत्राची पेटी चुकीची नव्हती. तिच्यात परतीची वाट नव्हती, चूक ती. माणूस मनातलं सगळ्यात जड बोलून टाकतो आणि पलीकडून हात येण्याची सोयच नाही, असं व्हायला नको. पत्राच्या खाली एक ओळ छापा: 'कुणी तुमच्याशी बोलावं असं वाटत असेल तर नंबर किंवा नुसती एखादी खूण लिहा.' अर्ध्यांहून जास्त मुलं लिहिणार नाहीत, हरकत नाही. ज्याला हवंय त्याला दार दिसलं पाहिजे. दुसरं, पेटी दिवसातून एकदा उघडू नका, दर अर्ध्या तासाला उघडा, आणि उघडताना प्रशिक्षित माणूस शेजारी हवा. २२ वर्षांच्या मुलीने असलं पत्र अशा सोबतीशिवाय वाचावं हे मला बरोबर वाटत नाही. तिसरं, ती पत्रं भिंतीवर लावू नका. निनावी असली तरी अक्षर ओळखू येतं.

आता तुम्ही जे बरोबर केलंत तेही सांगतो, कारण ते तुम्हाला कळलेलं दिसत नाही. माइकवरून जे बोललं गेलं त्यात दटावणी नव्हती, घबराट नव्हती, 'असं करू नको रे' नव्हतं. वेळ, जागा आणि नंबर होता. आणि लिहिणारं मूल त्या टाकीपर्यंत आलं नसेलही, पण आपलं पत्र कुणीतरी वाचलं आणि त्यासाठी गाणी थांबवली, हे त्याने ऐकलंय. याला किंमत नाही असं समजू नका.

एक गोष्ट सगळ्यांसाठीच. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारात आहे अशी शंका आली तर थेट विचारा. 'तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?' या शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती खरी नाही, यावर बरंच संशोधन झालंय. विचारल्यावर बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात, हा माझा रोजचा अनुभव.

आकडे हवे असतील तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. मनाच्या आजारांपैकी निम्मे १४ व्या वर्षाच्या आत आणि तीन चतुर्थांश २४ व्या वर्षाच्या आत सुरू होतात. म्हणजे तुमच्या ट्यूशन एरियातली मुलं नेमकी त्या वयाची आहेत. इथे नाही तर कुठे भरवायचा मेळा?

पथनाट्याबद्दल लिहिलं नाहीत. त्याचा शेवट काय होता?

---

पाऊलवाट | १५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

डॉक्टर, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. पत्रं आता समुपदेशक ताईंकडे बंद पाकिटात आहेत.

पथनाट्याचा पहिला खर्डा आमच्यातल्या एकाने लिहिला होता, त्यात शेवटी मुलगा जातो आणि आई रडते. तालमीत आम्ही सगळेच रडलो, म्हणून आम्हाला वाटलं फार प्रभावी आहे. ताईंनी तालीम पाहिली आणि विचारलं, "समोर बसलेल्या ज्या मुलाच्या मनात हेच चाललंय, त्याला हे बघून काय वाटेल?" आम्ही गप्प. त्या म्हणाल्या, त्याला वाटेल की गेल्यावर तरी सगळे माझ्यासाठी रडतात. मग आठ दिवसांत पुन्हा लिहिलं. आता त्यात रूम पार्टनर रात्री दिवा लावतो, शेजारी बसतो आणि विचारतो. बस, एवढंच. मरण दाखवलंच नाही. लिहिणाऱ्या पोराला वाईट वाटलं होतं, पण प्रयोगानंतर दोन मुलांनी येऊन त्याला विचारलं की मित्राला असं विचारायचं असेल तर सुरुवात कशी करायची. तेव्हापासून तो बदललेलाच शेवट सगळ्यांना सांगत फिरतोय.

---

कोरडवाहू | १६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

पोरांनो, कष्ट केलेत, कौतुक आहे. पण एका बापाचं पण ऐका. माझी मुलगी तिथेच आहे. वर्षाला फी, रूम, मेस धरून दीड-दोन लाख जातात. यंदा सोयाबीन गेलं, उसनवारी करून भरलेत. आणि परीक्षेला सात महिने राहिलेले असताना दोन दिवस पुस्तक मिटा म्हणता. आम्ही पण दुष्काळ बघितला, त्र्याण्णवचा भूकंप बघितला, आम्हाला कुठे समुपदेशक होते?

---

पाऊलवाट | १६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

काका, तुमचा राग मला कळतो. माझ्या बाबांनीही दोन वर्षं असेच पैसे उभे केले. मी फोनवर कधीच खरं बोलले नाही. 'अभ्यास मस्त चाललाय' एवढंच. कारण त्यांच्या आवाजातच कळायचं किती ओढाताण आहे ते. टेस्टमध्ये गुण कमी पडले की मला आधी रँक दिसायचा नाही, बाबांनी विकलेली म्हैस दिसायची. मग पुस्तक उघडं असायचं आणि चार तास एकच पान. तसल्या चार तासांपेक्षा मिटलेलं पुस्तक बरं, असं मला वाटतं.

किल्लारीच्या भूकंपाचं म्हणालात. मेळ्यात आमच्यापुढे 'पुस्तक' म्हणून बसलेल्या एक आजी होत्या, लामजन्याकडच्या. ३० सप्टेंबरच्या पहाटे त्यांची दोन लेकरं गेली. त्या म्हणाल्या, "तवा समद्यांचंच गेलं होतं, कुणाला सांगावं? बत्तीस वर्षं झाली, अजून पहाटे चारला जाग येते." तुम्हाला तेव्हा कुणी नव्हतं हे खरंय काका. त्याचा त्रास झाला नाही असं नाही ना?

एक विनंती. आज रात्री मुलीला फोन कराल तेव्हा टेस्टचं विचारू नका. काय जेवलीस ते विचारा.

---

धाकट्याचा_दादा | १७ ऑक्टोबर, रात्री १२:४०

आयडी नवीन काढलाय. माझा भाऊ चार वर्षांपूर्वी एका हॉस्टेलमध्ये असताना आत्महत्येने गेला. शहर सांगत नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. नातेवाईक म्हणाले विषय काढू नका, आईला त्रास होईल. आई त्याचे कपडे दर दिवाळीला धुते आणि परत घडी घालून ठेवते, कुणी काही बोलत नाही.

तुमच्या मेळ्यात माझ्यासारख्यांसाठी काही होतं का? पुढच्या वर्षी ठेवा. मी पुस्तक म्हणून बसायला तयार आहे.

---

डॉ_मृद्गंध | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

दादा, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. मागे राहिलेल्यांचं दुःख वेगळं असतं, त्यात 'मला कळायला हवं होतं' हा काटा असतो. तो काटा तुमचा नाही. या दिवाळीला आईच्या शेजारी बसा आणि त्याचं नाव घेऊन एखादी साधी आठवण सांगा, त्याला आवडणारा पदार्थ, त्याची खोडी, काहीही. आई रडेल. रडू दे. आणि तुम्ही स्वतःसाठीही कुणाला तरी भेटा, फक्त तिच्यासाठी नाही. पुस्तक म्हणून बसण्याआधी थोडा वेळ घ्या, घाई करू नका. मी खाजगी निरोप पाठवलाय.

---

मांडवी | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

पणजीहून लिहितेय. आमच्याकडे गोव्यात संगथ ही संस्था १९९६ पासून मनाच्या आरोग्यावर काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी एक गोष्ट प्रयोगातून दाखवून दिली: प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, पण गावातल्याच साध्या माणसाला नीट प्रशिक्षण आणि देखरेख दिली तर नैराश्याच्या रुग्णाला तो खरी मदत करू शकतो. तरुणांच्या स्वतःच्या मनाच्या कहाण्या मांडणारा 'मन मेला' (म्हणजे मनाचा मेळाच) हाही संगथचाच उपक्रम. तो बघताना माझ्या लक्षात राहिलं ते हे की कहाण्या मुलांच्या स्वतःच्या शब्दांत होत्या, कुठेही तज्ज्ञाने त्यांचं भाषांतर केलेलं नव्हतं. तुमच्या मावशींनाही प्रशिक्षण द्या असं सुचवेन. चपात्यांच्या हिशोबावरून ज्यांना कळलं, त्या तुमच्या सगळ्यात चांगल्या कार्यकर्त्या आहेत.

---

जुनी_फणी | १८ ऑक्टोबर, दुपारी ४:००

मेळा चांगला, हेतू चांगला. पण माझा मूळ आक्षेप आहे. मुलांना आजारी पाडणारी व्यवस्था तशीच ठेवून त्यांना मातीकाम आणि गाणी द्यायची, याने काय होणार? रँकप्रमाणे बॅच लावतात, शेवटच्या बॅचला बसलेल्या पोराला रोज आठवण करून देतात की तू शेवटचा आहेस. ते कोण बदलणार? २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक. गुणांवरून बॅचा वेगळ्या करायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही, झेपणार नाहीत अशी टार्गेटं द्यायची नाहीत. कोचिंग क्लासेसनाही लागू. तुमच्या मेळ्यात यावर एक शब्द तरी झाला का?

---

पाऊलवाट | १८ ऑक्टोबर, रात्री ११:१०

झाला, पण पुरेसा नाही, मान्य करते. रविवारी दुपारी मुलांची खुली सभा होती. त्यात सगळ्यात जास्त टाळ्या एका मुलीच्या मागणीला पडल्या: रँक ग्रुपवर टाकू नका, ज्याचा त्याला पाठवा. पैसा लागत नाही, जागा लागत नाही. तिथेच ६३० मुलांनी सह्या केल्या. निवेदनासोबत न्यायालयाच्या सूचनांची प्रत जोडून दिवाळीनंतर आम्ही एकेका क्लासकडे जाणार आहोत. क्लासवाल्यांचे पैसे का घेतले नाहीत ते आता कळलं असेल. त्यांच्या पैशावर भरवलेल्या मेळ्यात ही सभा झाली नसती.

पण गाणी आणि मातीकाम याबद्दल मला तुमच्याशी वाद घालायचाय. त्या सभेत उभं राहून बोललेली मुलगी शनिवारी चार तास फक्त मातीकामाच्या टेबलावर होती, कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. आधी बसायला जागा लागते, मग आवाज फुटतो. मी तरी असंच होताना पाहिलं.

---

यारा_नदीकाठी | १९ ऑक्टोबर, सकाळी ५:३०

मेलबर्नहून. मुळात परभणीची. इथे २००६ पासून १२ ते २५ वयाच्या मुलांसाठी 'हेडस्पेस' नावाची केंद्रं आहेत, आता देशभर दीडशेच्या वर. माझा मुलगा एका केंद्राच्या युवा सल्लागार गटात होता. खोलीतल्या खुर्च्या कशा मांडायच्या इथपासून ते मुलं ठरवायची. पण तिथेही सगळ्यांना जाणवणारा प्रश्न पुढचाच असतो: पहिल्या भेटीनंतर काय? तुमच्या धाग्यात मला तेच वाचायचं होतं. मेळा रविवारी संपला. सोमवारी सकाळी एखादं पोरगं उठून मदत मागायला निघालं तर जाणार कुठे?

---

उदगीरचे_सर | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

वरचा प्रश्न माझाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे असे दिन साजरे होतात, फोटो निघतात, अहवाल वर जातो. दुसऱ्या दिवशी मुलगा कोपऱ्यात तसाच. तुमच्याकडून शिकायचंय. प्रत्यक्ष येऊन बघता येईल का काही?

---

पाऊलवाट | २० ऑक्टोबर, दुपारी २:००

गावी आलेय दिवाळीला. काकू, सर, खरं सांगते, सोमवारचा विचार आम्ही केलाच नव्हता. सहा महिने दोन दिवसांचीच तयारी केली. सोमवारी सकाळी एक मुलगा खरंच त्या मंगल कार्यालयापाशी आला होता. वॉचमनने सांगितलं, कार्यक्रम संपला. हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

आता ठरवलंय: २९ तारखेपासून दर बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ मेसच्या गच्चीवर बसायचं. आमच्यातले दोघं आणि समुपदेशक ताई. सगळ्या सतरा जणांनी ऐकायचं कसं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं याचं प्रशिक्षण घ्यायचं. आम्ही उपचार करणार नाही, तो आमचा अधिकारच नाही. सोबत सरकारी रुग्णालयापर्यंत जाऊ. १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांना कधी आणि कसं सांगायचं हे ताई ठरवतील, पण मुलाला आधी सांगूनच. बघू कसं जमतं ते. इथे कळवते.

---

कोरडवाहू | २४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

पोरी, काय जेवलीस ते विचारलं. ती आधी काही बोलली नाही, मग पाऊण तास बोलली. मला माहीतच नव्हतं तिला मेसची भाजी आवडत नाही ते. दिवाळीला आली होती, शेतात घेऊन गेलो. वाहून गेलेलं रान तिला दाखवलं, आधी दाखवणार नव्हतो. ती म्हणाली, बाबा, बरं झालं दाखवलंत, माझ्या मनात याहून वाईट दिसत होतं.

---

पाऊलवाट | २७ नोव्हेंबर, रात्री १०:४५

उशीर झाला, माफ करा. पाच बुधवार झाले.

पहिल्या बुधवारी कुणीही आलं नाही. आम्ही तिघं नऊपर्यंत बसलो. दुसऱ्या बुधवारी दोघं, त्यातला एक सोमवारी परत गेलेला तोच मुलगा. काल अकरा जण होते, त्यात चार आया. आयांनी स्वतःची वेगळी भिशी सुरू केलीय, दर महिन्याला एकीच्या रूमवर, आणि तिथे एकमेकींना नावानेच हाक मारायचा नियम आहे. तीन मुलांसोबत आम्ही रुग्णालयात जाऊन आलो. दोन क्लासेसनी रँक ग्रुपवर टाकणं बंद केलंय. एकाने आम्हाला बाहेर उभं ठेवलं, तिथे परत जाणार आहोत.

मावशींनी मेसमध्ये हात धुवायच्या बेसिनच्या वर १४४१६ ची पाटी लावलीय, पेंटरकडून रंगवून. शिवाय त्या आता चार दिवस सलग न आलेल्या मुलांची नावं बुधवारी आम्हाला देतात. आम्ही दार वाजवतो. बहुतेक वेळा पोरगं गावी गेलेलं असतं. दोनदा तसं नव्हतं.

निळ्या शाईच्या पत्राचं अजून काही कळलेलं नाही. ताई दर बुधवारी बसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा म्हणतात, "मी इथे आहे, नऊपर्यंत." ते त्या पत्रासाठी असतं हे आम्हाला तिघांनाच माहीत आहे.

उदगीरचे सर, ३ डिसेंबरच्या बुधवारी या. सातला. जिना मागच्या बाजूने आहे. तुमचे दोन-तीन विद्यार्थी आणा, पण त्यांना बोलू द्या, तुम्ही कडेला बसा. सत्काराचं काही आणू नका. शेंगा आणल्यात तर पोरं खूश होतील.